उजव्या हाताची हाक

गिरणीचा चारचा भोंगा झाला की आमचा कुत्रा तोंड वर करून गळा काढायचा. पेठेतल्या लोकांना त्याची सवय होती. समोरचा किराणा दुकानदार म्हणायचा, "मास्तर, गिरणीवाल्यांना सांगा, वाफ वाया घालवू नका. ह्यालाच नोकरीला ठेवा." मी मास्तर नव्हतो. शुक्रवार पेठेजवळच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. पण ज्याच्या हातात सदा पुस्तक तो मास्तर, असा आमच्या भागातला हिशोब होता आणि मीही तो कधी दुरुस्त केला नाही.

कुत्रा खरं तर माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता. तिचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी. कुंभारीला तिची बहीण राहायची, तिच्याकडून एकदा तिने पिशवीत घालून हे तांबूस पिल्लू आणलं. त्याच्याशी ती कानडीतच बोलायची. "बा इल्लि", म्हणजे इकडे ये, असं म्हटलं की तो पुढ्यातली भाकरी टाकून तिच्यापाशी जायचा. माझ्याशी ती मराठी बोले, कुत्र्याशी आणि देवाशी कानडी. मला ती भाषा कळायची, बोलायची वेळ मात्र फारशी आली नाही.

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी ती आजारी पडली आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत गेली. त्या चार महिन्यांत आमच्या मागच्या बोळातली एक बाई रोज दुपारी येऊन तिच्याजवळ बसायची. ही तेलुगू घरातली. नवरा मागावर कामाला आणि ही घरी विड्या वळायची. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणत असे. अक्का येताना मांडीवर घ्यायचं सूप बरोबर आणायची. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बायकोकडे बघत, तिच्याशी बोलत, तिची थट्टा करत ती विड्या वळायची. हाताकडे एकदाही बघायची नाही. जाताना कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायची. मी वाचनालयातून परत येईपर्यंत माझ्या घरात कुणीतरी बोलत असे, हे अक्काचं मोठं देणं होतं. मी तिचे कधी नीट आभारही मानले नाहीत.

बायको गेल्यावर पुढच्याच वर्षी दिवाळीनंतर अक्काला लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. तिला एका जुन्या दवाखान्यात ठेवलं होतं. माझी बायकोही तिथेच होती शेवटी. मला त्या फाटकातून आत जावंसं वाटत नव्हतं, तरी रविवारी गेलो.

बायकांच्या वॉर्डात परक्या पुरुषाने फार वेळ बसणं बरं दिसत नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. अक्काने मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तिची थोरली लेक खाली जमिनीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

"तीन आठवडे झाले मास्तर," ती म्हणाली. "पाय जरा हलवती. हाताकडं बघतच न्हाय. जणू तो हात दुसऱ्या कुणाचा हाय."

तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टर आल्या. धिप्पाड, सावळ्या, आवाज खणखणीत. "हे सूप बाहेर! किती वेळा सांगायचं, तंबाखूनं बाकीच्या शिंकतात."

"शिंकल्या म्हंजे जिवंत हायेत की सिस्टर," लेक म्हणाली आणि सूप उचलून व्हरांड्यात गेली.

सिस्टरांनीच मला समजावून सांगितलं. हात चोळून दिला जात होता, हलवून दिला जात होता. पण डॉक्टर म्हणाले होते की हात उचलायचा हुकूम बाईच्या स्वतःच्या मनातून सुटला पाहिजे. अजून काही आठवडे असेच गेले तर हात आखडेल आणि मग कायमचा गेला. अक्काचा उजवा हात म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी निघालो तेव्हा व्हरांड्यातून फाटक दिसत होतं. आमचा कुत्रा माझ्या मागून आला होता आणि फाटकापाशी बसला होता. तोवर लेकीने आईला हवेसाठी दाराजवळ खुर्चीत आणून बसवलं होतं. अक्काने त्याला बघितलं आणि तिच्या तोंडातून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. लेकीच्या हातातलं पान खाली पडलं.

"तीन आठवड्यांत पहिल्यांदा," सिस्टर म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "मास्तर, हा चावतो का?"

"नाही. पण भोंगा झाला की रडतो."

"आमच्याकडे सगळेच रडतात. मी डॉक्टरांना विचारते."

डॉक्टर आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी अटी घातल्या. गुरांच्या दवाखान्यातून टोचून आणल्याचा दाखला हवा. अंगावर एक गोचीड दिसता कामा नये. कुठेही उडी मारायची नाही, भुंकायचं नाही, अर्धा तास पेशंटजवळ गप बसायचं. "एक महिना देतो. एकदा बघीन. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नाही."

गुरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोन म्हशी होत्या. तिथले डॉक्टर दाखला लिहिताना म्हणाले, "माणसाच्या दवाखान्यात जायला माझी सही लागते, हे आमच्या घरी सांगितलं पाहिजे. सासऱ्यांना पटत नाही मी डॉक्टर आहे म्हणून."

आता शिकवायचं कसं? मी ग्रंथपाल. मी पुस्तक शोधलं. एका गिरणीतला गोरा साहेब देश सोडून जाताना वाचनालयाला पेटीभर पुस्तकं देऊन गेला होता. त्यात कुत्र्याला वळण कसं लावावं यावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. इतक्या वर्षांत ते कुणीही नेलं नव्हतं. मी ते स्वतःच्या नावावर काढलं आणि रोज सकाळी अंगणात पुस्तक डाव्या हातात धरून शिकवणी सुरू केली.

सिट. स्टे. कम. डाऊन.

कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या काळच्या शिकलेल्या माणसांना ते आपोआपच येई. ज्यांची कचेरीत साहेबापुढे इंग्रजीने बोबडी वळायची, तेही कुत्र्याला "सिट डाऊन" म्हणताना अडखळत नसत. पुस्तकही इंग्रजी होतं, त्यामुळे माझ्या मनात दुसरा विचार आलाच नाही.

कुत्रा हुशार होता. आवाजांची त्याला भीती नव्हती. आमच्या मागच्या बोळात दिवसभर मागाची खटखट चाललेली, त्यातच तो वाढला होता. मी पितळी तांब्या फरशीवर टाकला तर त्याने नुसता कान हलवला. फरशी फिनेलने पुसली तेव्हा तो दोनदा शिंकला आणि तिथेच झोपला. वाचनालयाची चाकांची पुस्तकगाडी मी रविवारी घरी आणली आणि दवाखान्यातली ढकलगाडी समजून त्याच्या शेजारून फिरवली. शेजारीपाजारी भिंतीवरून बघायचे. एक भोंगाच तेवढा अवघड होता. चारला पाच कमी असताना मी त्याच्यापुढे गुळाचा खडा धरून बसायचो. भोंगा सुरू झाला की खडा तोंडात. तोंडात गूळ असताना गळा काढता येत नाही, हे त्याला आठ दिवसांत कळलं आणि पुढे भोंगा झाला की तो रडायच्या ऐवजी माझ्या खिशाकडे बघू लागला.

त्या महिन्यात मी सकाळी लवकर उठू लागलो होतो. भाकरी दोघांची टाकत होतो. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ठरलेल्या बुधवारी मी त्याला आंघोळ घालून वॉर्डात नेलं. डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. मी "सिट" म्हटलं, तो बसला. "स्टे" म्हटलं, तो हलला नाही. अक्का त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या बाजूला त्याने यावं असं तिला वाटत होतं, ते दिसत होतं. लेकीने तिच्या वतीने तेलुगूत बोलावलं, "इटु रा! रा रे!"

कुत्र्याने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी चुटकी वाजवली, "इधर आओ राजा, आओ." काही नाही.

"मास्तर," लेक म्हणाली, "तुमचं कुत्रं लई शिकलंय वाटतं. आमच्यासारख्यांशी बोलंना."

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. "मॅट्रिक झालंय का?" मीही कसनुसं हसलो. ज्या वॉर्डात तेलुगू, कानडी, उर्दू आणि गावाकडची मराठी यांच्यापलीकडे कुणाला काही येत नव्हतं, तिथे बसायला मी महिनाभर खपून इंग्रजी समजणारा कुत्रा तयार केला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून एका म्हातारीचा आवाज आला. मांडीचं हाड मोडून ती दोन महिने तिथे पडून होती. तिने हात पुढे केला आणि सहज म्हटलं, "बा इल्लि, बा."

मी "स्टे" म्हणायच्या आत तो गेला होता. दोन खाटांमधून, स्टुलावरचा पाण्याचा तांब्या पाडून, पुढचे दोन्ही पाय म्हातारीच्या गादीवर. तो तिचं तोंड हुंगत होता, पदर हुंगत होता, परत तोंड हुंगत होता आणि बारीक आवाजात कुंई कुंई करत होता. मी दोनदा "कम" म्हटलं. त्याला ऐकूही आलं नाही. शेवटी मी त्याला उचलून घेतलं.

"बस्स," डॉक्टर म्हणाले. "न्या त्याला."

"माझं काय चुकलं?" म्हातारी म्हणाली. "घरच्या कुत्र्याला बोलावत्यात तसं बोलावलं की."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला उचलूनच फाटकापर्यंत आलो. दीड वर्षात त्याच्याशी कुणी ते दोन शब्द बोललं नव्हतं. माझ्या घरातून ती भाषाच गेली होती आणि ती मीच जाऊ दिली होती. घरी आल्यावर मी दार लावलं आणि हळू आवाजात म्हणून बघितलं, "बा इल्लि." तो उठला. माझ्याकडे आला नाही. आधी स्वयंपाकघरात गेला, मग तिच्या खाटेपाशी, मग मागच्या दाराशी. मग येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला. मी पुन्हा ते शब्द उच्चारले नाहीत. निदान तेव्हा तरी.

पाच दिवसांनी सिस्टर वाचनालयात आल्या. दर आठवड्याला त्या एक कादंबरी नेत. पुस्तक परत करता करता म्हणाल्या, "डॉक्टरांचा राग शनिवारपर्यंत असतो. आज सोमवार आहे."

"पण तो कुणाचं ऐकणार? कानडी बोललो तर तो तिला शोधत सुटतो. इंग्रजी कुणाला येत नाही."

"तुम्ही पुस्तकवाली माणसं," सिस्टर म्हणाल्या. "भाषा हवीच कशाला? अक्काला कुठं बोलता येतंय? हातानं शिकवा की."

मी पुन्हा अंगणात उभा राहिलो. तळहात वर करून आपल्याकडे बोटं मिटली, की ये. तळहात खाली केला, की बस. तोंडातून एक शब्द नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे जड गेलं, पण कुत्र्याला फार सोपं गेलं. पंधरा दिवसांत तो माझ्या बोटांकडे बघत बसू लागला. डॉक्टरांनी सिस्टरांच्या शब्दाखातर परवानगी दिली, तीही वॉर्डात नव्हे, व्हरांड्यात.

अक्काला खुर्चीत बसवलं होतं. उजवा हात मांडीवरच्या उशीवर पडलेला. मी तिच्यासमोर दोन्ही खुणा करून दाखवल्या. तिला लगेच कळल्या. तिने डावा हात उचलला आणि कुत्र्याला बोलावलं.

तो बसून राहिला.

तिने पुन्हा डावा हात केला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, शेपूट फरशीवर आपटत होता, पण उठला नाही. मी गोंधळलो. मग माझ्या लक्षात आलं. महिनाभर इंग्रजी शिकवताना आणि पंधरा दिवस खुणा शिकवताना माझ्या डाव्या हातात पुस्तक होतं. दुसऱ्या खेपेला तर पुस्तकाची गरजही नव्हती, तरी होतं. मी अंगठ्याने पानं उलटायला, पुस्तकाच्याच कोपऱ्याने डोकं खाजवायला, चष्मा वर करायला डावा हात हलवायचो आणि त्याचा कशाशीच संबंध नसायचा. कुत्र्याने पक्कं ठरवलं होतं की डावा हात म्हणजे काही नाही. बोलतो तो उजवा.

मी हे सिस्टरांना सांगितलं. माझी क्षमा मागायची तयारी होती. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, आता त्याला डावा शिकवलात तर याद राखा."

अक्का चिडली होती. तिचा चेहरा लाल झाला. तिच्या तोंडून जो आवाज आला तो शिवीच असणार, कारण लेक म्हणाली, "हां, हे मात्र आईचंच हाय." अक्काने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर चापट मारली. मग तिने पहिल्यांदा खाली, आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. हात हलला नाही. चारचा भोंगा झाला, कुत्र्याने माझ्या खिशाकडे बघितलं, मी गूळ दिला आणि आम्ही घरी आलो.

त्या रात्री मला आपण फार दुष्टपणा करतो आहोत असं वाटत राहिलं. पुढच्या बुधवारी जाऊ नये असंही ठरवलं. पण बुधवारी सकाळीच लेक दाराशी आली. "आई कालपासनं दाराकडं बघून बसलीय. केस विंचरून घेतलेत. तुमी येताय न्हवं?"

दुसऱ्या बुधवारी अक्काने लबाडी केली. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून तो वर उचलला, एखादी पिशवी उचलावी तसा. बोटं लोंबत होती. कुत्रा उठला, दोन पावलं आला आणि थांबला. एवढ्या खुणेचा अर्थ काय लावावा ते त्याला कळेना. अक्का हसली. तिरकं, अर्ध्या तोंडाने, पण हसली. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. "बाई फसवतेय त्याला," ते म्हणाले. "फसवू द्या. हात कुणाचा आहे हे तरी तिला कबूल झालं."

मग तिसरा, चौथा, पाचवा बुधवार. मधल्या दिवसांत ती कुत्रा नसतानाही उशीवरच्या हाताकडे बघत बसते, असं सिस्टर सांगायच्या. मालिश करणाऱ्या बाईला आता ती हात ओढू देत नव्हती, स्वतः पुढे करायचा प्रयत्न करत होती. डॉक्टरांनी त्यांच्या उपचारात बदल केला, तोही लागू पडला असेल. सगळं श्रेय कुत्र्याला द्यावं असं मला वाटत नाही.

सहाव्या बुधवारी आम्ही व्हरांड्यात शिरलो तेव्हा लेक खाली बसून पानं कापत होती आणि सिस्टर तिला ओरडत होत्या. माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. कुत्रा माझ्या शेजारी बसला होता आणि अचानक तो शेजारी नव्हता. बघतो तर तो अक्काच्या गुडघ्याला डोकं लावून उभा. तिचा उजवा हात उशीवरच होता, पण तळहात वर झाला होता आणि पहिली दोन बोटं आत वळलेली होती. तिला स्वतःलाही ते पटत नव्हतं. तिने बोटं सोडली आणि पुन्हा वळवली. कुत्रा आणखी कुठे येणार, तो आधीच आलेला होता. तो तिच्या मांडीवर चढू लागला.

"खाली, खाली!" सिस्टर ओरडल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी अक्काला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिने नाही केलं. कुत्र्यासाठी होतं ते.

त्यानंतर त्याला वॉर्डातही जायला परवानगी मिळाली. आत गेला की तो आधी कोपऱ्यातल्या म्हातारीकडे जायचा. ती "बा इल्लि" म्हणायची आणि मी चार पावलांवर उभा राहून ते ऐकायचो. पहिल्या दोन-तीन वेळा मी खिडकीबाहेर बघितलं. पुढे बघावं लागलं नाही. म्हातारी घरी गेली तेव्हा मला म्हणाली, "आता तुमीच बोला त्याच्याशी. कानडी काय कुणाच्या बापाची न्हाय." मी घरी येऊन बोललो. तो आला. ह्या वेळी माझ्याकडेच आला.

अक्का उन्हाळ्याच्या तोंडाला घरी गेली. काठी घेऊन चालू लागली, वाचा थोडीथोडी आली, तेलुगू आधी आणि मराठी मागून. हाताचं पूर्वीचं चापल्य परत आलं नाही. तिने विडी वळायला पुन्हा सुरुवात केली तेव्हा एकेका विडीला तिला पूर्वीच्या पाच विड्यांचा वेळ लागायचा, आणि हाताकडे बघावं लागायचं. लेक म्हणायची, "राहू दे की आई, मी हाय की." अक्का तिला उजव्या हाताने गप बसायची खूण करायची.

ती खूण म्हणजे तळहात खाली. आमचा कुत्रा बोळात जिथे असेल तिथे बसायचा.